७७७ मारलं की चालतं, पण मग चावी कोणाकडे राहते?



आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण "हे आमच्या कॉम्प्युटरवाल्याला सांगा" म्हणून पुढे जाऊ नका. हा लेख त्याच्यासाठी कमी आणि त्याचं बिल भरणाऱ्यासाठी जास्त आहे, म्हणजे तुमच्यासाठी.

तुमच्या संघटनेची, डीलर मंडळींची किंवा कंपनीची एक मेलिंग लिस्ट आहे. एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो आणि प्रत्येक मेलची प्रत आर्काइव्हमध्ये जमा होते. तीन वर्षांपूर्वी कोणत्या मालाला काय भाव ठरला होता, कोणत्या पुरवठादाराबद्दल तक्रार आली होती, जीएसटीच्या कोणत्या शंकेवर काय उत्तर मिळालं होतं, हे सगळं तिथे शोधता येतं. मग एक दिवस शोध बंद पडतो. मागच्या महिन्यापर्यंतचे मेल सापडतात, नंतरचे नाहीत. किंवा पान उघडायला गेलं की "परवानगी नाही" असा निरोप येतो.

तुम्ही माणसाला फोन करता. तो लांबूनच सर्व्हरवर शिरतो, एक कमांड मारतो आणि दोन मिनिटांत म्हणतो, "साहेब, झालं. परमिशनचा इश्यू होता." तुम्ही खूश, तोही खूश.

त्याने काय मारलं असतं, माहितीये? बहुतेक वेळा ७७७. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की ही दुरुस्ती नाही. कुलूप अडकत होतं म्हणून दरवाजाच काढून ठेवला, असा हा प्रकार आहे. दार उघडलं हे खरं, पण आता ते बंद होत नाही.

आधी कीर्द आणि खतावणी समजून घ्या

व्यापारी माणसाला हे समजायला एक मिनिट पुरे. जुन्या वहीखात्यात कीर्द असायची आणि खतावणी असायची. रोजचा व्यवहार जसा घडला तसा कीर्दीत उतरायचा. मग त्यावरून प्रत्येकाच्या नावाने खतावणी लिहायची. एखाद्याचं खातं बघायचं तर कीर्द कोण चाळत बसणार? खतावणी उघडली की काम झालं.

मेलिंग लिस्टचंही तसंच आहे. आर्काइव्ह म्हणजे कीर्द. मेल आला तसा तो तिथे साठतो. इंडेक्स म्हणजे खतावणी. कोणता शब्द कोणत्या मेलमध्ये आहे, कोणता मेल कोणाच्या उत्तरादाखल आहे, याची मांडणी तिथे असते. शोधाच्या चौकटीत तुम्ही शब्द टाकता तेव्हा सॉफ्टवेअर सगळे मेल वाचत नाही, इंडेक्स बघतं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खतावणी फाटली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्दच गेली तर धंद्याची स्मृती गेली. म्हणून इंडेक्स बिघडला तर घाबरायचं काही कारण नाही. तो पुन्हा बांधता येतो. घाबरून केलेला उपाय मात्र कीर्दीपर्यंत पोचतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

७७७ म्हणजे नक्की काय?

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि मग उरलेले सगळे. तीन आकडे या तिघांसाठी असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकीच्यांचा. वाचायची मुभा म्हणजे ४, लिहायची २ आणि चालवायची १. बेरीज करा. ६ म्हणजे वाचा आणि लिहा. ५ म्हणजे वाचा आणि चालवा. ७ म्हणजे सगळंच.

म्हणजे ६४० असेल तर मालक वाचणार-लिहिणार, गट फक्त वाचणार, बाकीच्यांना काही नाही. आणि ७७७ असेल तर त्या सर्व्हरवरचा कोणताही वापरकर्ता, कोणताही प्रोग्राम ती फाइल वाचू शकतो, बदलू शकतो.

फोल्डरच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. एक, फोल्डरवरचा १ म्हणजे "चालवा" नव्हे, तर "आतून जाऊ द्या". ही मुभा नसेल तर आतल्या फाइलची परवानगी कितीही मोकळी असली तरी तिथपर्यंत पोचताच येत नाही. दुसरी, फोल्डरवर लिहायची मुभा असेल तर आतली फाइल पुसता येते, ती फाइल स्वतः फक्त वाचण्यापुरती असली तरीसुद्धा. म्हणजे आर्काइव्हच्या फोल्डरला ७७७ दिलंत, तर आतले कागद कोणीही फाडून टाकू शकतो.

हे बिघडतं कसं? चोर आला म्हणून नाही, मालक आला म्हणून!

परमिशनचा घोळ आपोआप होत नाही. फाइल रात्री उठून स्वतःचा मालक बदलत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी चांगल्या हेतूने रूट म्हणून काम केलेलं असतं. रूट म्हणजे सर्व्हरचा सर्वेसर्वा, ज्याला कुठेच अडवलं जात नाही.

मेलमनचं उदाहरण घेऊ. हे मोफत मिळणारं, मेलिंग लिस्ट चालवणारं नामांकित सॉफ्टवेअर आहे. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात मेलची ये-जा सांभाळणारा भाग वेगळा आणि आर्काइव्ह दाखवणारा भाग वेगळा. आर्काइव्हच्या भागाचं नाव हायपरकिटी. डेबियन सर्व्हरवर तयार पॅकेज टाकलंत तर मेल सांभाळणारा भाग "लिस्ट" या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि आर्काइव्ह दाखवणारा भाग "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" या नावाने. मेल डेटाबेसमध्ये साठतात. शोधाचा इंडेक्स मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये फाइलींच्या रूपात असतो. ठरावीक वेळाने एक काम आपोआप चालतं आणि नवे मेल इंडेक्समध्ये चढवतं.

आता कोणीतरी सर्व्हरवर रूट म्हणून शिरलं. "शोध जरा हळू वाटतोय, इंडेक्स ताजा करू," म्हणून हाताने कमांड चालवली. काम झालं. पण त्या वेळी इंडेक्समध्ये ज्या नव्या फाइली तयार झाल्या, त्या रूटच्या नावावर झाल्या. रूट घरी गेला. तासाभराने रोजचा कारकून म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आपल्या वेळेवर आला आणि बघतो तर खतावणीवर मालकाची सही, याला लिहायची मुभाच नाही. त्याने चूक नोंदवली आणि तो परत गेला. पुढच्या तासाला पुन्हा तेच. ही नोंद बऱ्याचदा अशा मेलबॉक्समध्ये जाते जो वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नसतो.

म्हणून लक्षण नीट ओळखा. नवे मेल आर्काइव्हमध्ये दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. एका ठरावीक तारखेपर्यंतचेच सापडतात. असं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा, "त्या तारखेला सर्व्हरवर कोण काय करत होतं?" उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांसाठी

अनेक ठिकाणी अजून मेलमनची दुसरी आवृत्ती चालू आहे. ती पायथन २ वर चालते आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, म्हणून तिथून हलायचं नियोजन करा. तोपर्यंत मात्र तिची रचना समजून घ्या.

तिच्यात आर्काइव्हची दोन फोल्डरं असतात, खाजगी आणि सार्वजनिक. खरा माल सगळा खाजगीत असतो. सार्वजनिकमध्ये नुसत्या पाट्या असतात, "माल तिकडे आहे" असं सांगणाऱ्या. त्यामुळे सार्वजनिक लिस्टचं पान उघडताना वेब सर्व्हरला खाजगी फोल्डरच्या दारातून जावं लागतं. ते दार बंद असेल तर सार्वजनिक आर्काइव्हलाही "परवानगी नाही" येतं. माणूस सार्वजनिक फोल्डरच्या परवानग्या बदलत बसतो आणि अडथळा असतो भलत्याच ठिकाणी.

इथेच ७७७ चा मोह होतो. पण योग्य उपाय खूप छोटा आहे. खाजगी फोल्डरचा मालक वेब सर्व्हरचा वापरकर्ता करायचा आणि "बाकीचे सगळे" यांची आत जाण्याची मुभा काढून टाकायची. गट मेलमनचाच राहू द्यायचा. मग वेब सर्व्हर आत जातो, मेलमन आत जातो आणि त्याच मशीनवरचा तिसरा कोणी जात नाही. काम तेवढंच झालं, पण चावी दोघांकडेच राहिली.

या आवृत्तीसोबत परवानग्या तपासणारी एक स्वतंत्र कमांडही येते. ती काय चुकलंय ते सांगते आणि सांगितलं तर दुरुस्तही करते. आधी ती नुसती तपासायला चालवा, मग दुरुस्तीला. ती फोल्डरांवर २७७५ बघते. हा पुढचा २ फार कामाचा आहे. त्याचा अर्थ असा की त्या फोल्डरमध्ये जी नवी फाइल तयार होईल ती फोल्डरच्याच गटाची राहील, तयार करणारा कोणीही असो. दुकानात नवा माल आला की त्यावर दुकानाचाच शिक्का पडतो, आणणाऱ्या हमालाचा नाही, तसं.

"एकट्याचाच सर्व्हर आहे, कोण येणार बघायला?"

हा प्रश्न मला हमखास येतो. त्याचं सरळ उत्तर देतो.

पहिली गोष्ट, सर्व्हर एकट्याचा नसतो. त्यावर तुमची वेबसाइट असते, एखादा चौकशी फॉर्म असतो, कधीकाळी टाकलेलं आणि विसरलेलं एखादं प्लगइन असतं. त्यातल्या एकात भोक सापडलं की आत शिरणारा माणूस आधी हेच बघतो की इथे कोणाकोणाला काय उघडं आहे. परवानग्या घट्ट असतील तर तो एका खोलीत अडकतो. ७७७ असेल तर मधल्या सगळ्या भिंती तुम्हीच पाडून ठेवलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, इंडेक्स म्हणजे नुसती निरुपद्रवी यादी नसते. मेलमन २ मध्ये प्रत्येक लिस्टच्या आर्काइव्हसोबत पायथनच्या "पिकल" प्रकारातली एक फाइल असते. हा प्रकार असा आहे की कोणी त्या फाइलमध्ये हवा तो मजकूर घुसवला, तर ती उघडताना घुसवणाऱ्याच्या कमांड चालू शकतात, आणि त्या चालतात मेलमनच्या अधिकाराने. पायथनचे जाणकार म्हणूनच सांगतात की विश्वासाची नसलेली पिकल फाइल उघडू नका. आणि आपण काय करतो? ती फाइल सगळ्या जगाला लिहायला मोकळी करून ठेवतो! म्हणजे प्रश्न फक्त "कोणी वाचेल" एवढा नाही. कोणी तुमच्या मुनीमजीच्या हातून स्वतःला हवं ते लिहून घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट, ७७७ मारणारा माणूस सहसा एका फाइलवर थांबत नाही. "आतलं सगळं" असा पर्याय जोडून पूर्ण फोल्डरवर मारतो. त्यामुळे आधी कोणत्या फाइलची परवानगी काय होती याचा मागच पुसला जातो. ही कमांड उलटी फिरवता येत नाही. सेटिंगची फाइल त्या तडाख्यात आली तर डेटाबेसचा पासवर्ड आणि गुप्त चाव्या सगळ्यांना वाचायला मोकळ्या. आणि टाइप करताना एक स्पेस जास्त पडून हीच कमांड पूर्ण सर्व्हरवर चालली तर? मग सुरक्षा जपणारे प्रोग्राम कामच करायला नकार देतात. दूरून लॉगिन करू देणारा एसएसएच त्याच्या चाव्या उघड्या दिसल्या की त्या वापरत नाही. अधिकार देणारा सुडो आपली सेटिंगची फाइल कोणालाही लिहिता येतेय हे बघून थांबतो. म्हणजे दार सताड उघडायच्या नादात मालकच बाहेर अडकतो.

चौथी गोष्ट, त्या मेलमध्ये माणसं आहेत. नावं, मोबाइल नंबर, घरचे पत्ते, कोणाची उधारी, कोणाचं आजारपण. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. डेटा सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास कमाल दंडाची मर्यादा त्यात २५० कोटी रुपये आहे. तुमच्या संघटनेला उद्या एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, भीती घालून व्हिडिओ खपवणं माझं काम नाही. पण दुसऱ्याची माहिती सांभाळणं ही आता नुसती सज्जनपणाची गोष्ट राहिलेली नाही, एवढं त्यावरून समजून घ्या. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून त्या लिस्टवर मोकळेपणाने लिहिलं, त्यांचं काय?

मग करायचं काय? क्रम पाळा

उपाय अवघड नाही. क्रम चुकतो म्हणून अवघड वाटतो.

१. आधी चूक वाचा. "चालत नाही" ही तक्रार झाली, चूक नव्हे. लॉगमध्ये कोणत्या फाइलवर परवानगी नाकारली गेली ते पूर्ण पत्त्यासकट लिहिलेलं असतं. ती ओळ कॉपी करून ठेवा.

२. काम कोणाच्या नावाने चालतंय ते बघा. वेब सर्व्हर कोणत्या वापरकर्त्याचा, वेळापत्रकावरचं काम कोणत्या वापरकर्त्याचं, दोन्ही तपासा. हे दोघं वेगळे निघाले तर निम्मं निदान झालं.

३. फाइलपासून वरपर्यंतची सगळी दारं बघा. नुसत्या शेवटच्या फाइलची परवानगी बघून उपयोग नाही. मधल्या एका फोल्डरची वाट बंद असली तरी काम अडतं. पूर्ण पत्त्यावरचा प्रत्येक टप्पा, त्याचा मालक आणि परवानगी एकदम दाखवणारी कमांड आहे. ती टाइप कशी करायची ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय.

४. परवानगी रुंद करू नका, मालक बरोबर करा. हे वाक्य पाठ करा. दहापैकी बहुतेक प्रकरणांत आकडे ठीक असतात, नाव चुकलेलं असतं. रूटच्या नावावर गेलेल्या फाइली योग्य वापरकर्त्याच्या नावावर करा. आकड्यांना हात लावायची वेळच येत नाही.

५. इंडेक्स पुन्हा बांधायचा तर योग्य वापरकर्ता होऊनच बांधा. रूट म्हणून बांधलात तर ज्या रोगावर औषध देताय तोच रोग पुन्हा लावताय. सुडोने "अमुक वापरकर्ता म्हणून चालव" असं सांगता येतं.

६. बांधण्याआधी बॅकअप घ्या, इंडेक्सचा नव्हे, आर्काइव्हचा. आणि घाई करू नका. मोठ्या आर्काइव्हचा इंडेक्स बांधायला तासन्‌तास लागू शकतात, म्हणून रात्री किंवा रविवारी लावा. मेलमन २ वाल्यांनी आणखी एक सांभाळा. तिथे पूर्ण आर्काइव्ह मूळ साठ्यावरून नव्याने बांधलं आणि त्या साठ्यात मेलच्या मजकुरातल्या काही ओळींनी गल्लत केली, तर मेलचे क्रमांक सरकतात आणि जुन्या लिंक भलत्याच मेलवर जातात. ती गल्लत साफ करणारी कमांड सोबत येते, ती आधी चालवा.

७. अडकलेला माल विसरू नका. मेलमन २ मध्ये आर्काइव्ह करताना चूक झाली की तो मेल बाजूच्या एका फोल्डरमध्ये टाकून ठेवला जातो. परवानगी दुरुस्त झाली तरी तो आपणहून परत येत नाही. त्याला पुन्हा रांगेत आणायची कमांड चालवावी लागते. नाहीतर मधल्या पंधरा दिवसांच्या मेलना आर्काइव्हमध्ये कायमचं भोक पडतं आणि ते लक्षातही येत नाही.

८. सगळं बरोबर दिसतंय आणि तरी नकार येतोय? सर्व्हर रेड हॅटच्या घराण्यातला असेल तर एसई-लिनक्स बघा. तो परवानग्यांच्या वरचा दुसरा चौकीदार आहे. फाइलवर त्याची खूण चुकीची असेल तर ७७७ मारूनसुद्धा तो सोडत नाही. लोक मग वैतागून त्यालाच बंद करून टाकतात. तसं करू नका. ती खूण पूर्ववत करायची कमांड आहे.

९. शेवटी चाचणी. एक वेगळा शब्द घालून लिस्टवर मेल टाका. तो आर्काइव्हमध्ये दिसतो का बघा. वेळापत्रकावरचं काम एकदा होऊ द्या. मग तो शब्द शोधा. सापडला तरच बिल द्या.

"पण साहेब, एवढा वेळ कोणाकडे आहे?"

मला मान्य आहे. धंदा बंद ठेवून कोणी परवानग्यांचा अभ्यास करत बसणार नाही. पण इथे धंदा बंद पडलेला नसतो, हेच तर मी सांगतोय. मेल येतायत, जातायत, साठतायत. बंद पडलाय तो फक्त शोध. एक दिवस शोध बंद राहिला तर कोणाचं दुकान बुडत नाही. सदस्यांना एक ओळ लिहा, "शोधाचं काम चालू आहे, उद्यापर्यंत होईल." लोक समजून घेतात.

"आत्ता तात्पुरतं ७७७ करतो, नंतर नीट करू," असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. जे चालू आहे त्याला नंतर कोणी हात लावत नाही. तात्पुरतं म्हणून केलेलं ७७७ पुढच्या माणसाला "इथे असंच असतं" म्हणून वारसा मिळतं.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. तुमच्याकडे सर्व्हर बघणारं कोणीच नसेल, वर्षातून दोनदा फोन करायला एक माणूस आणि तोही धावपळीत, तर स्वतःचा सर्व्हर ठेवायचा हट्ट सोडा. पैसे देऊन चालवून घेतलेली सेवा घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण तिथेही हाच प्रश्न विचारावा लागतो. आर्काइव्ह कोण वाचू शकतं? मालक म्हणून कोणाचं खातं आहे? तो माणूस उद्या सोडून गेला तर चावी कोणाकडे? आकडे दिसत नाहीत म्हणजे परवानग्या नसतात असं नाही.

मालकाने विचारायचे पाच प्रश्न

तुम्हाला कमांड पाठ करायची गरज नाही. काम झालं असं सांगितलं की हे पाच प्रश्न विचारा.

एक, नेमक्या कोणत्या फाइलवर अडत होतं?
दोन, ती कोणाच्या नावावर होती आणि आता कोणाच्या नावावर आहे?
तीन, ती चुकीच्या नावावर गेलीच कशी?
चार, पुन्हा जाऊ नये म्हणून काय केलं?
पाच, कुठे ७७७ दिलंय का?

चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट मालक विचारतोय म्हटल्यावर त्याला बरं वाटतं, कारण नीट काम करायला लागणारा जास्तीचा अर्धा तास आता तो हक्काने मागू शकतो. आणि इथे थोडं आपल्याकडेही बघा. दोन मिनिटांत करून देणाऱ्याला आपण हुशार म्हणतो, आणि अर्धा तास घेणाऱ्याला "याला येत नाही वाटतं" म्हणतो. असं असेल तर ७७७ त्याने नाही मारलं, आपण मारून घेतलं. बिलात "परमिशन इश्यू सॉल्व्ह्ड" एवढंच न लिहिता काय बदललं ते दोन ओळींत लिहून मागा आणि त्या नीट लिहून देणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये जास्त द्या. पुढच्या वेळी दुसरा माणूस आला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

तिजोरीची चावी हरवली म्हणून कोणी तिजोरी उघडी ठेवत नाही. कुलूपवाल्याला बोलावतो, त्याच्यासमोर उभं राहतो आणि नवी चावी मोजून घेतो. सर्व्हरच्या बाबतीत मात्र आपण पाठ फिरवतो, कारण ते "टेक्निकल" आहे.

तेव्हा या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या माणसाला फोन लावा आणि म्हणा, "आपल्या सर्व्हरवर ज्या ज्या फाइलींवर आणि फोल्डरांवर सगळ्यांना लिहायची मुभा आहे, त्यांची यादी मला पाठव." ही यादी एका कमांडमध्ये निघते. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर त्यात दिसेल, ते ठीक आहे, त्याची सोय मुळातच वेगळी असते. पण आर्काइव्ह, इंडेक्स किंवा सेटिंगची फाइल त्यात दिसली तर वरचा क्रम हातात घ्या आणि बसा.

व्हिडिओत मी प्रत्येक टप्पा चाचणीच्या सर्व्हरवर करून दाखवलाय. तो आधी बघा, मग हात लावा. आणि हात लावायच्या आधी बॅकअप!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा जोरात करा आणि चाव्या आपल्याकडे ठेवा.